लिनक्समधील कूटबद्ध डिस्कवरील फाइल प्रणालीची दुरुस्ती

लिनक्समधील कूटबद्ध डिस्कवरील फाइल प्रणालीची दुरुस्ती म्हणजे बिघाड नेमका कोणत्या थरात झाला आहे हे ओळखून डिस्कवरील माहिती पुन्हा वाचनीय करण्याची प्रक्रिया होय. अचानक वीज जाणे, डिस्कवरील खराब सेक्टर आणि सदोष मेमरी ही अशा बिघाडाची नेहमीची कारणे आहेत.

रचना

लिनक्सवर डिस्क कूटबद्ध करण्यासाठी प्रामुख्याने लक्स हे स्वरूप वापरले जाते. ते क्लेमेन्स फ्रुहविर्थ यांनी २००४ मध्ये तयार केले. या व्यवस्थेत तळाशी प्रत्यक्ष डिस्क, तिच्यावर कर्नेलमधील डीएम-क्रिप्ट हा थर आणि सर्वांत वर एक्स्ट४, एक्सएफएस किंवा बीटीआरएफएस यांसारखी फाइल प्रणाली असते. माहिती एका यादृच्छिक मुख्य किल्लीने कूटबद्ध होते. पासवर्ड केवळ ती किल्ली मिळवून देतो. ही किल्ली विभाजनाच्या आरंभी असलेल्या हेडरमध्ये कूटबद्ध स्वरूपात साठवलेली असते. हेडर नष्ट झाल्यास पासवर्ड ठाऊक असूनही माहिती वाचता येत नाही.

निदान

योग्य पासवर्ड नाकारला जात असल्यास हेडरची हानी किंवा कळफलकाची बदललेली मांडणी हे कारण असू शकते. डिस्क उघडते परंतु माउंट होत नाही, तेव्हा दोष बहुधा फाइल प्रणालीत असतो. कर्नेलच्या नोंदींत वाचनाच्या त्रुटी आढळल्यास डिस्कच निकामी होत असण्याची शक्यता असते. अशा वेळी प्रथम डीडीरेस्क्यूने संपूर्ण प्रत काढून पुढील काम त्या प्रतीवर केले जाते.

दुरुस्ती

दुरुस्तीची आज्ञा मूळ विभाजनावर न चालवता, क्रिप्टसेटअपने उघडलेल्या मॅपर उपकरणावर आणि ते माउंट नसताना चालवावी लागते. मूळ प्रणालीचेच विभाजन बिघडले असल्यास संगणक लाइव्ह यूएसबीवरून सुरू केला जातो. एक्स्ट४ साठी ई२एफएससीके वापरतात. मुख्य सुपरब्लॉक खराब असल्यास त्याच्या राखीव प्रतीचा आधार घेता येतो. एक्सएफएसमध्ये अपुऱ्या नोंदी पूर्ण होण्यासाठी आधी माउंट करून पाहतात. नोंदवही पुसणारा पर्याय अखेरचा मानला जातो. बीटीआरएफएसमध्ये दुरुस्तीपूर्वी केवळ-वाचन पद्धतीने माउंट करून माहिती बाहेर काढणे श्रेयस्कर ठरते.

हेडर खराब झाले असले तरी डिस्क उघडी असेपर्यंत मुख्य किल्ली कर्नेलच्या मेमरीत असते. त्यामुळे संगणक बंद करण्यापूर्वी माहितीची प्रत घेतली जाते.

प्रतिबंध

क्रिप्टसेटअपमध्ये हेडरची प्रत घेण्याची सोय आहे. ही प्रत अन्य माध्यमावर सुरक्षित ठेवावी लागते, कारण पासवर्ड बदलल्यानंतरही जुन्या प्रतीद्वारे जुना पासवर्ड चालू शकतो. हेडरच्या प्रतीत फाइली नसल्याने माहितीची स्वतंत्र प्रतही आवश्यक असते.