मुंजीवाचून, बाप्तिस्म्यावाचून

मुलीला पहिलीत घालायचे म्हणून प्रवेशाचा अर्ज भरायला बसलो आणि 'धर्म' या रकान्यापाशी हात थांबला. खरे तर थांबायला नको होता. माझ्या आजाच्या पिढीने हा प्रश्न सोडवून ठेवला आहे. आम्ही बौद्ध आहोत, आणि ते लिहायला लाज तर नाहीच, अभिमान आहे. पण बाबासाहेबांनी येवल्याला घोषणा केली १९३५ साली आणि नागपुरात धम्मदीक्षा घेतली १९५६ साली. मधली एकवीस वर्षे त्यांनी शोधात घालवली. ज्या निर्णयाला त्या माणसाला एकवीस वर्षे लागली, तो सहा वर्षांच्या पोरीच्या नावापुढे मी एका मिनिटात लिहून मोकळे व्हावे, हे पटेना. रकाना कोरा ठेवला. कारकुनाने अर्ज परत केला. "सर, कॉम्प्युटर पुढं सरकत नाही," एवढेच तो म्हणाला. घरी बायको म्हणाली, "अहो, तुमचा इतिहास कॉलेजात शिकवा. उद्या पोरीचा जातीचा दाखला काढायचा आहे. तेव्हा हा कोरा रकाना कोणाला दाखवणार?"

दोघांपैकी कोणाचेही म्हणणे मला खोडून काढता आले नाही. म्हणून हा रकाना शाळेच्या दारात येऊन बसला कसा, ते पाहू लागलो. पैठणात राहणाऱ्याला त्यासाठी फार लांब जावे लागत नाही.

नागघाटावर आजही रेड्याची गोष्ट सांगतात. संन्यास सोडून संसारात परतलेल्या विठ्ठलपंतांची चार मुले आळंदीहून पैठणला आली, ती शुद्धिपत्र मागायला. त्यांची मुंज होईना. आणि मुंज नाही तर वेदाध्ययन नाही. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले तरी मुलांचा दोष गेला नव्हता. पुढे रेड्याच्या मुखातून वेद वदवले आणि पैठणचे ब्रह्मवृंद नमले, अशी कथा. चमत्कार बाजूला ठेवा. कथेचा सांगाडा पाहा. शिकण्याचा अधिकार बुद्धीने मिळत नाही, संस्काराने मिळतो. आणि संस्काराचा दाखला देणारे कार्यालय पैठणला आहे! ज्ञानेश्वरांसारख्या मुलालाही या कार्यालयाच्या दारात उभे राहावे लागले. त्या गोष्टीत वेद रेड्यापर्यंत पोहोचला. रेडा हाकणाऱ्याच्या पोरापर्यंत तो का पोहोचला नाही, हे कोणत्याही कीर्तनकाराने मला आजवर सांगितलेले नाही.

याच गावात तीनशे वर्षांनी एकनाथ झाले. गोदावरीच्या तापल्या वाळवंटात रडणारे महाराचे पोर त्यांनी कडेवर घेतले, ही दुसरी गोष्ट. नाथांच्या करुणेविषयी मला शंका नाही. त्या काळात ते धाडसच होते. पण नाथांनी पोराला पोहोचवले कुठे? महारवाड्यातच. दुसरी जागाच नव्हती. त्या पोराला नेऊन बसवावे अशी शाळा पैठणात नव्हती, आणि पुढची अडीच-तीनशे वर्षे आपल्या प्रदेशात कुठेच झाली नाही.

ती झाली तेव्हा दार उघडणारा पाद्री होता. हे मान्य करायला आपण कचरू नये. मात्र हे दार कसे उघडे होते तेही पाहिले पाहिजे. मिशनच्या शाळेत नाव घालायला बाप्तिस्मा घ्यावाच लागे असे नाही. बहुसंख्य मुले बाप्तिस्म्यावाचूनच तिथे शिकली. पण बायबलचा तास चुकत नसे, आणि हा तास शेवटी कुठे नेणार याची धास्ती आईबापांना असे. १८३९ साली मुंबईत डॉ. विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पारशी आईबापांनी आपली मुले त्या शाळेतून काढून घेतली. १८४३ साली नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहिला होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि मुलगा अजाण म्हणून बापाच्या हवाली झाला. त्याने बाप्तिस्मा घेतलेला नव्हता. पण मिशनऱ्यांच्या घरी तो राहिला, जेवला, म्हणून ज्ञातीने त्याला पतित ठरवले. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे म्हणून खटपट केली, तर सनातनी त्यांच्यावरच उठले.

म्हणजे पैठणच्या शुद्धिपत्राचा खटला सहाशे वर्षांनी मुंबईत पुन्हा उभा राहिला. मूल ब्राह्मणाचे असल्यामुळे त्याचा एवढा गाजावाजा झाला. आपल्या पोरांसाठी कोणी शुद्धिपत्र मागितले नाही, कारण आपण आत होतो कधी की बाहेर पडावे?

श्रीपतचा थोरला भाऊ नारायण शेषाद्री पुढे आपल्याच भागात आला. जालन्याला स्कॉटिश मिशनचे काम त्याने उभे केले, निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल नावाचे गाव वसवले, आणि त्याच्याकडे आले ते प्रामुख्याने मांग समाजातले लोक. औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचे रत्नजी नवरोजी होते, तेही मूळचे पारशी. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या पोरांच्या हाती अक्षर देणाऱ्या पहिल्या माणसांत एक बाटलेला ब्राह्मण आणि एक बाटलेला पारशी होता, या गोष्टीकडे आपल्या इतिहासकारांनी अजून नीट पाहिलेले नाही.

मग सरकारी शाळांचे काय? १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्याने धर्माच्या बाबतीत तटस्थता जाहीर केली होती. सरकारी शाळेत बायबल शिकवायचे नाही, पुराणही शिकवायचे नाही. कागदावर ही निधर्मी शाळाच. तिची परीक्षा दोनच वर्षांत झाली. १८५६ च्या जूनमध्ये धारवाडच्या एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून मुंबई सरकारकडे अर्ज केला. २१ जुलै १८५६ ला उत्तर आले. न्याय अर्जदाराच्या बाजूला आहे हे सरकारने कबूल केले. पण एका मुलासाठी बाकीच्यांची शाळा ओस पडू देता येत नाही, म्हणून प्रवेश नाही. पुढे हिंदुस्थान सरकारने आणि लंडनच्या संचालकांनी यावर नापसंती दाखवली, सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचे तत्त्व म्हणून मान्य झाले. बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढच्या निवेदनात हे प्रकरण मुद्दाम मांडले, याला कारण आहे. तटस्थता म्हणजे धर्म नसणे नव्हे, हे त्यातून उघड होते. ज्या वर्गात कोणताही धर्म शिकवला जात नाही, त्याच्या उंबरठ्यावर एक धर्म पाळला जाऊ शकतो. पाद्र्याच्या शाळेत धर्म वर्गात होता, सरकारी शाळेत तो दारात होता. कोणता परवडला? दारातला धर्म पोराला आतच येऊ देत नव्हता.

या दोहोंखेरीज तिसरी शाळा जोतीराव फुल्यांनी काढली. ते स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. बायबलच्या तासाला बसले, पेनचे ग्रंथ वाचले, आणि बाप्तिस्मा न घेता बाहेर पडले. नगरची मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून त्यांनी धडा घेतला. धर्म घेतला नाही. १८४८ साली मुलींची शाळा आणि त्यानंतर काही वर्षांतच महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा. इथे दारात मुंज विचारली नाही आणि वर्गात बाप्तिस्मा सुचवला नाही. या शाळेचे वेगळेपण कळायला मुक्ता साळवे या मांग मुलीचा १८५५ सालचा निबंध वाचावा. चौदा वर्षांची मुलगी. वेद ब्राह्मणांचे म्हणतात, मग आम्हाला धर्मपुस्तक नाही, तेव्हा आमचा धर्म कोणता ते तरी सांग, असे ती देवाला विचारते. आणि ज्या धर्मात एकाने भोगावे व बाकीच्यांनी पाहत राहावे असा धर्म पृथ्वीवरून जावो, असे म्हणते. तिने 'धर्म' हा रकाना कोरा ठेवला, आणि कोरा का ठेवला तेही लिहिले. तो निबंध छापला अमेरिकन मिशनच्या 'ज्ञानोदया'ने. म्हणजे मिशनच्या नियतकालिकाने छापला, पण लिहायला शिकवले ते मिशनबाहेरच्या शाळेने. पाद्र्याच्या शाळेत तिच्या प्रश्नाला तयार उत्तर मिळाले असते. फुल्यांच्या शाळेत तो प्रश्न म्हणून शिल्लक राहिला, हे मला फार मोलाचे वाटते.

१८८२ साली फ्रान्सने कायदा करून सरकारी प्राथमिक शाळांतून चर्चची शिकवण काढून टाकली. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला जोतीरावांनी हंटर कमिशनपुढे निवेदन दिले आणि बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, शिक्षक शेतकरी वर्गातले घ्या, असे मागितले. फ्रान्सला निदान पाद्र्याला वर्गाबाहेर काढायचे होते. इथे अजून पोरालाच वर्गात घ्यायचे होते. एक अपवाद सांगायला हवा, तो पलटणीतल्या शाळांचा. शिपायाच्या मुलाला तिथे शिकता येई. रामजी सुभेदार अशाच शाळेत मुख्याध्यापक होते. महारांची लष्करभरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस थांबली आणि ते दारही लागले.

आमच्या घराची गोष्ट याच्या पुढची, निजामाच्या राज्यातली. माझा आजा शाळेत गेलाच नाही. वडील १९६१ साली पैठण तालुक्यातल्या एका शाळेत गेले, चौथीनंतर जायकवाडीच्या कालव्यावर मातीकामाला लागले. पदवीपर्यंत पोहोचलेला घरातला पहिला माणूस मी. जातपडताळणीच्या वेळी मला सांगण्यात आले की १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा आणा, शक्यतो आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा. ज्या माणसाला जातीमुळे शाळा मिळाली नाही, त्याची जात सिद्ध करायला त्याच्याच शाळेचा दाखला! शेवटी एका चुलत आजाचे नाव दुसऱ्या गावच्या दप्तरात सापडले. उतारा उर्दूत होता. तो वाचून घेतला, भाषांतर करून घेतले, आणि त्या एका ओळीवर माझी नोकरी टिकली.

बायकोचे म्हणणे या ओळीतून आलेले आहे. वडिलांच्या दाखल्यावर 'हिंदू महार' आहे, १९५६ नंतर नाव घातले असूनही. आजाने दीक्षा घेतली होती. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असावा लागे. शिखांना त्यात १९५६ साली जागा मिळाली, बौद्धांना १९९० साली. महाराष्ट्राने आपल्या सवलती बौद्धांना दिल्या, तरी केंद्राच्या सवलतींचे दार चौतीस वर्षे बंद होते. त्या काळात किती घरांनी मनात एक आणि दप्तरात एक धर्म ठेवला, त्याची मोजदाद नाही. ख्रिस्ती झालेला महार-मांग आजही त्या आदेशाबाहेर आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका स्त्रीला सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातीचा दाखला नाकारला. तिला लहानपणी बाप्तिस्मा दिल्याची नोंद पुराव्यात आली होती. बेथेल गावच्या काळी बाप्तिस्म्याने शाळा जवळ येत होती. आता शिष्यवृत्ती हवी असेल तर बाप्तिस्मा झालेला नसावा. तान्ह्या मुलाच्या डोक्यावर पाणी कोणी शिंपडले, याचा हिशेब ते मूल तिशी ओलांडेपर्यंत राज्य ठेवते.

कायद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. घटनेच्या २८ व्या कलमाने संपूर्ण सरकारी खर्चाच्या शाळेत धर्मशिक्षणाला मनाई केली आहे, आणि अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळेत पालकाच्या संमतीवाचून मुलाला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने नाशिकच्या एका शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. प्रार्थनेच्या वेळी ते उभे राहत, हात मात्र जोडत नसत, आणि तेवढ्यावरून त्यांची वेतनश्रेणी अडवली होती. २०१४ साली त्याच न्यायालयाने सांगितले की कोणत्याही कागदावर धर्म लिहायची सक्ती सरकारी यंत्रणेला करता येत नाही. म्हणजे माझा कोरा रकाना कायदेशीर होता. कॉम्प्युटरला ते ठाऊक नव्हते, एवढेच. परंतु कोरा रकाना हा हक्क असला तरी तो परवडण्याचा प्रश्न उरतो. ज्याच्या आजाच्या नावावर सातबारा आहे त्याने तो खुशाल कोरा ठेवावा.

मी नाव जिल्हा परिषदेच्या शाळेत घातले. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिले, बायकोच्या समोर. सोबत एका पानाचा अर्ज जोडला: मुलीला शाळेत कोणत्याही धर्माच्या पूजेला किंवा आरतीला बसवू नये, आमच्या वंदनेलाही नाही, आणि अठरा वर्षांची झाल्यावर तिने वेगळे काही ठरवल्यास ते तिचे राहील. हेडमास्तरांनी तो दोनदा वाचला. "अठरा वर्षांनंतरचं मी काय लिहून देऊ, सर? तोवर माझी बदली झालेली असेल," म्हणाले. मग आवक क्रमांक टाकून, शिक्का मारून पोच दिली. ती मी उर्दू उताऱ्याच्या फाइलीत लावून ठेवली आहे.