घर कोणाच्या नावावर? तलाकनंतरच्या छपराचा हिशेब

तलाकचा प्रश्न आपल्याकडे बहुधा शब्दांचा प्रश्न म्हणूनच चर्चिला गेला. तलाक किती वेळा उच्चारला, कोणासमोर उच्चारला, तो झाला की झाला नाही, यावर गेल्या साठ वर्षांत पुष्कळ शाई खर्ची पडली. परंतु तलाक झाल्यावर, किंवा तलाक न देताच नवरा निघून गेल्यावर, त्या बाईने त्या संध्याकाळी चूल कुठे पेटवायची, हा साधा प्रश्न मागेच राहिला.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. हा प्रश्न आमच्या वर्गात दरवर्षी येऊन बसतो. वर्षाच्या मध्येच एखाद्या मुलीचा दाखला मागितला जातो. कारण विचारले तर कळते, अम्मी नानीच्या घरी राहायला गेली. नानीच्या घरात मामा-मामींचा संसार असतो, जागा अपुरी असते; म्हणून सहा महिन्यांनी आणखी एक मोहल्ला, आणखी एक दाखला. घर गेले की शाळा जाते. म्हणूनच तलाकच्या इतिहासाकडे एकदा घराच्या बाजूने पाहावे, असे आम्हांला वाटते.

धर्माने काय सांगितले होते?

सूरह तलाकच्या पहिल्याच आयतीत इद्दतीच्या काळात स्त्रियांना घराबाहेर काढू नका, अशी स्पष्ट आज्ञा आहे. सहाव्या आयतीत आपल्या ऐपतीप्रमाणे, आपण राहतो तिथेच त्यांना राहू द्या, असे म्हटले आहे. सूरह बकरहच्या २४१व्या आयतीत तलाकशुदा स्त्रियांना रीतीप्रमाणे काही देणे हे परहेजगारांचे कर्तव्य ठरवले आहे. म्हणजे निवाऱ्याचा विचार मूळ ग्रंथातच आहे. प्रत्यक्षात मात्र तलाकचा शब्द तोंडातून निघायच्या आत बाईची पेटी दाराबाहेर ठेवली जाते. तिने इद्दत कुठे काढावी हे सांगायला दहा जण पुढे येतात. त्या तीन महिन्यांचे भाडे कोणी भरावे हे सांगायला सहसा कोणी येत नाही.

निकाहनामा हा करार आहे, हे आपण भाषणात अभिमानाने सांगतो. सतराव्या शतकातल्या सुरतेच्या मुसलमानांनी तो खरोखर करारासारखा वापरला होता. तिथल्या उपलब्ध निकाहनाम्यांत नवऱ्यावर अटी घातलेल्या दिसतात : दुसरे लग्न करणार नाही, मारहाण करणार नाही, नफका न देता ठरावीक मुदतीपेक्षा अधिक काळ दूर राहणार नाही. अट मोडली तर पत्नीला विवाहातून मोकळे होण्याचा अधिकार असे. साडेतीनशे वर्षांपूर्वी जे एका व्यापारी बंदरात सुचले, ते आज आपल्या छापील निकाहनाम्यात क्वचितच दिसते. मेहरच्या रकान्यात एक आकडा लिहिला जातो आणि त्याखाली सह्या होतात.

आकड्यांचे धडे

१९३९च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याने नवऱ्याने दोन वर्षे नफका दिला नाही तर स्त्रीला न्यायालयातून विवाह संपवता येईल, अशी तरतूद केली. हा सुटकेचा मार्ग होता; पण सुटून जायचे कुठे, याचे उत्तर त्यात नव्हते. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. दलवाईंच्या सगळ्या मतांशी सहमत नसलेल्यांनाही हे मान्य करावे लागेल, की टाकलेल्या बाईचे दुःख त्यांनी चार भिंतींतून रस्त्यावर आणले.

पुढे १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ने पोटगीसाठी ‘पत्नी’ या शब्दात घटस्फोटित स्त्रीचाही समावेश केला. मात्र पोटगीची कमाल मर्यादा होती दरमहा ५०० रुपये. याच कलमाखाली इंदूरच्या शाहबानो एप्रिल १९७८मध्ये न्यायालयात गेल्या. त्यांचा खटला राजकारणासाठी सगळ्यांना पाठ आहे. आम्ही तो गणिताचे उदाहरण म्हणून मांडतो.

लग्न १९३२मध्ये झाले, घराबाहेर काढले १९७५मध्ये. म्हणजे ४३ वर्षे एका घरात गेली. पाच मुले झाली. नवरा वकील. त्याने सुमारे दोन वर्षे दरमहा २०० रुपये दिले. शाहबानोंनी ५०० रुपयांची मागणी केली, तेव्हा नोव्हेंबर १९७८मध्ये त्याने तलाक दिला आणि मेहरचे ३,००० रुपये न्यायालयात भरले. आता भागाकार करा. दरमहा २०० रुपये धरले तर मेहर पंधरा महिने पुरते. ५०० धरले तर सहा महिने. त्रेचाळीस वर्षांचे घर आणि सहा महिन्यांचा खर्च! ऑगस्ट १९७९मध्ये कनिष्ठ न्यायालयाने पोटगी ठरवली दरमहा २५ रुपये. १९८०मध्ये उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली आणि २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. देशभर जे वादळ उठले, ते या १७९ रुपये २० पैशांवरून. त्या रकमेत इंदुरात खोली मिळते का, हे त्या गदारोळात कोणी विचारल्याचे आठवत नाही.

१९८६च्या कायद्याने इद्दतीच्या मुदतीत ‘वाजवी व न्याय्य तरतूद’ करण्याची जबाबदारी नवऱ्यावर टाकली. तिचा अर्थ तीन महिन्यांचा खर्च एवढाच, असे अनेकांनी गृहीत धरले. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०००मध्ये हा संकुचित अर्थ नाकारला. २८ सप्टेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दानियल लतीफी खटल्यात सांगितले, की तरतूद इद्दतीच्या आत करायची असली तरी ती पुढच्या आयुष्याचा विचार करून करायची. आणि त्यात अन्नवस्त्राबरोबर निवाराही येतो. दानियल लतीफी हे शाहबानोंचेच वकील. घर हा शब्द त्या लढ्यात उघडपणे यायला एवढा काळ लागला. त्याच महिन्यात कलम १२५मधील ५०० रुपयांची मर्यादाही गेली.

बायकांनी स्वतः काय केले?

निकाल लागेपर्यंत घरमालक थांबत नाही. म्हणून खरा इतिहास न्यायालयाबाहेरही शोधावा लागतो. आपल्या मोहल्ल्यातली सर्वांत जुनी बँक म्हणजे भिशी. समजा, बारा बायका दरमहा एक हजार रुपये घालतात. दर महिन्याला चिठ्ठी निघते आणि एकीला बारा हजार मिळतात. ज्या बाईला खोलीचे डिपॉझिट भरायचे आहे, तिला बाकीच्या अकरा जणी चिठ्ठी न काढता पहिला नंबर देतात. ना तारण, ना व्याज. व्याज टाळणाऱ्या घरांनाही ती म्हणूनच चालते. कागद नसतो, भरवसा असतो. आणि एखादी बुडाली तर दाद मागायला जागा नसते, ही तिची उणी बाजू.

मोठ्या प्रमाणावरही बायकांनी हेच केले. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत उभे राहिले. मुंबईत गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र केले. अहमदाबादेत १९७४मध्ये ‘सेवा’च्या चार हजार सभासद बायकांनी प्रत्येकी दहा रुपयांचा भाग घेऊन स्वतःची सहकारी बँक काढली. तिच्या पासबुकावर सही येत नसलेल्या खातेदार बाईचा फोटो लावला गेला. अंगठा आणि फोटो यांच्या जोरावर हिंदू-मुसलमान गरीब बायकांचे पैसे प्रथमच त्यांच्या एकटीच्या नावावर जमा झाले. नवऱ्याच्या हाताला न लागणारा पैसा, ही घर राखण्याची पहिली पायरी आहे.

कमाईची दुसरी बाजू काटकसरीची. भिवंडी, मालेगाव, सोलापूर, कुठेही जा. एकट्या पडलेल्या बाईचा क्रम साधारण सारखाच दिसतो. पुढची खोली भाड्याने द्यायची आणि आपण मुलांसह मागच्या खोलीत सरकायचे. खिडकीशी शिलाई मशीन, म्हणजे दिवसा बल्ब लावावा लागत नाही. कांड्या भरणे, विड्या वळणे, काज-बटण. आधी दूध कमी होते, मग गोश्त जुम्म्यावर जाते, मग मोठ्या मुलीची शिकवणी बंद होते. आम्ही शिक्षक या तिसऱ्या पायरीवर सावध होतो. चौथी पायरी शाळा सोडण्याची असते, हे आम्हांला ठाऊक असते.

त्यात रेशनकार्ड नवऱ्याच्या नावावर. कार्ड त्याच्याबरोबर गेले की साखर आणि रॉकेल काळ्या बाजाराच्या भावाने. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातील अठरा वर्षांवरील सर्वांत मोठी स्त्री कार्डाची कुटुंबप्रमुख ठरवली. हा बदल कागदी वाटतो. एकट्या बाईच्या महिन्याच्या हिशेबात तो मोठा आहे.

राहण्याचा हक्क

२००५ हे वर्ष या इतिहासात महत्त्वाचे. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की भाडेकरू नवरा बायकोला टाकून गेला आणि खटला लढवीत नसेल, तर तिला घरमालकाविरुद्ध स्वतः बचाव करता येईल. घटस्फोटितेची गोष्ट मात्र वेगळी, तिला हा हक्क हुकूमनाम्यातच मिळवून ठेवायला हवा. त्याच वर्षी कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा झाला. २६ ऑक्टोबर २००६पासून तो लागू आहे, आणि सर्व धर्मांच्या स्त्रियांना आहे. मालकी नसली तरी सामायिक घरात राहण्याचा हक्क, त्या घरातून न काढण्याचा आदेश, नाहीतर पर्यायी जागा किंवा तिचे भाडे, हे सारे त्यात आहे. सामायिक घर सासऱ्याच्या मालकीचेही असू शकते, हे २०२०च्या निकालाने स्पष्ट केले. आणि १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की १९८६चा कायदा असला तरी तलाकशुदा मुस्लिम स्त्रीला कलम १२५चा मार्ग खुलाच आहे. १ जुलै २०२४पासून नव्या संहितेत तेच कलम १४४ झाले आहे.

एवढे सगळे असूनही एक गोष्ट विसरता कामा नये. राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. तो मागावा लागतो, तारखा पडतात, वकील लागतो. मालकीची सुरुवात निकाहच्या दिवशीच करता येते. मेहर म्हणजे रोख रक्कमच असली पाहिजे, असे शरीअत म्हणत नाही. घरातला हिस्सा, जमिनीचा तुकडा, नोंदलेला फ्लॅट मेहर होऊ शकतो. सरकारी घरकुल योजनांत घर स्त्रीच्या किंवा दोघांच्या नावे देण्याची अट आली. १ एप्रिल २०२१पासून महाराष्ट्रात स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. सरकारला जे सुचले ते काझीसाहेबांना, जमातीला आणि मुलीच्या बापाला सुचायला हरकत काय?

हॉल, मंडप आणि बिर्याणीवर आपण एका दिवसात जे उडवतो, त्यात कित्येक गावांत एका खोलीचे डिपॉझिट होईल. तेवढे मुलीच्या नावे बँकेत राहिले, निकाहनाम्यात राहण्याच्या जागेविषयी एक ओळ वाढली, तर कुठलाही मोर्चा न काढता बरेच काही बदलेल. कायद्यांनी शंभर वर्षांत जी वाट कशीबशी मोकळी केली, ती आपल्या घरात लग्न ठरत असताना चार वडीलधाऱ्यांना एका बैठकीत मोकळी करता येते.