मद्यजन्य यकृतविकार

मद्यजन्य यकृतविकार म्हणजे दीर्घकाळ व अतिप्रमाणात मद्यपान केल्यामुळे यकृताला होणारे आजार. मेदयुक्त यकृत, मद्यजन्य यकृतदाह आणि यकृताचा सिरोसिस या त्याच्या तीन प्रमुख अवस्था मानल्या जातात. पहिली अवस्था मद्यपान थांबवल्यास बहुधा पूर्णपणे बरी होते. सिरोसिसमध्ये झालेली हानी मात्र सहसा भरून येत नाही.

यकृतावर होणारा परिणाम

शरीरात गेलेल्या मद्यार्कापैकी बहुतांश भागाचे विघटन यकृतात होते. त्यातून प्रथम ॲसिटाल्डिहाइड हा विषारी पदार्थ तयार होतो आणि नंतर त्याचे ॲसिटेटमध्ये रूपांतर होते. या प्रक्रियेत यकृताच्या पेशींमध्ये मेद साठतो, दाह निर्माण होतो आणि मृत पेशींच्या जागी तंतुमय ऊती वाढतात. सतत अतिमद्यपान करणाऱ्या बहुसंख्य व्यक्तींमध्ये मेदयुक्त यकृत आढळते. त्यांपैकी सुमारे १० ते २० टक्के व्यक्तींना पुढे सिरोसिस होतो.

हानी मद्याच्या प्रकारावर नव्हे, तर पोटात गेलेल्या शुद्ध मद्यार्काच्या प्रमाणावर अवलंबून असते. ४२.८ टक्के तीव्रतेच्या मद्याच्या १८० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ६० ग्रॅम मद्यार्क असतो. त्यामुळे देशी दारू घातक आणि विदेशी मद्य निर्धोक हा समज चुकीचा आहे. हातभट्टीच्या दारूत मिथेनॉल मिसळलेले असल्यास अंधत्व किंवा मृत्यू ओढवू शकतो. २०१५ साली मुंबईतील मालवणी येथे अशा दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. स्त्रिया, स्थूल व्यक्ती आणि ब किंवा क प्रकारच्या विषाणूजन्य काविळीचे रुग्ण यांना तुलनेने कमी मद्यपानानेही धोका संभवतो.

लक्षणे

सुरुवातीच्या अवस्थेत बहुधा कोणतीही लक्षणे दिसत नाहीत. पुढे थकवा, भूक मंदावणे, मळमळ, वजन घटणे व उजव्या बरगडीखाली दुखणे ही लक्षणे जाणवतात. कावीळ, पोटात पाणी होणे (जलोदर), पायांवर सूज, रक्ताची उलटी, काळी शौचास होणे आणि बरळणे किंवा गुंगी येणे ही गंभीर लक्षणे होत. अशा वेळी काविळीवरील झाडपाल्याच्या औषधावर विसंबून राहिल्यास उपचारांना धोकादायक विलंब होतो. सिरोसिसच्या रुग्णांमध्ये यकृताच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो.

निदान व उपचार

मद्यपानाचा इतिहास, यकृताच्या कार्याच्या रक्तचाचण्या आणि सोनोग्राफी यांवरून निदान केले जाते. मद्यपान पूर्णपणे थांबवणे हा सर्व अवस्थांतील मुख्य उपचार आहे. सिरोसिस झाल्यानंतरही मद्य सोडल्यास आयुर्मान वाढते. मात्र अनेक वर्षे रोज पिणाऱ्या व्यक्तीने एकाएकी दारू बंद केल्यास कंप, झटके किंवा भ्रम होऊ शकतो. म्हणून हे वैद्यकीय देखरेखीखाली करणे आवश्यक असते. पुरेशी प्रथिने व जीवनसत्त्वे असलेला आहार दिला जातो. अंतिम अवस्थेत निवडक रुग्णांमध्ये यकृत प्रत्यारोपण केले जाते.

बीड जिल्ह्यातील संदर्भ

बीड जिल्ह्यातील आरोग्यसेवेत बीड येथील जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय यांचे स्थान महत्त्वाचे आहे. हा जिल्हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दरवर्षी गळीत हंगामात हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात स्थलांतर करतात आणि हंगाम संपल्यावर परततात. यकृतविकाराच्या रुग्णाला ठरावीक अंतराने तपासणी लागते, तर व्यसनमुक्तीनंतर अनेक महिने पाठपुरावा करावा लागतो. सुमारे सहा महिने गावाबाहेर राहणाऱ्या कुटुंबांत हा पाठपुरावा खंडित होण्याची शक्यता असते. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्याचे ओझे असल्याने कमावत्या व्यक्तीच्या आजारपणाचा भार जोडीदारावर व मुलांवर पडतो.

प्रतिबंध व कायदा

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली मद्यपानाचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असे स्पष्ट केले. महाराष्ट्रात मद्याची विक्री व सेवन यांवर १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये नियंत्रण आहे. वर्धा व गडचिरोली या जिल्ह्यांत पूर्ण दारूबंदी लागू आहे. बीडमध्ये तशी बंदी नाही. तथापि, २००८ च्या शासकीय आदेशानुसार गावातील महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के महिलांनी मागणी केल्यास परवानाधारक दारू दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवरील चिन्हांमुळे ही प्रक्रिया 'उभी बाटली, आडवी बाटली' या नावाने परिचित आहे. आडव्या बाटलीला आवश्यक बहुमत मिळाल्यास दुकान बंद होते. अवैध हातभट्टीवर मात्र या मतदानाचा परिणाम होत नाही. तेथे पोलीस व राज्य उत्पादन शुल्क विभागाची कारवाई आवश्यक असते.

व्यसनमुक्तीबाबत मार्गदर्शनासाठी १४४४६ हा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.