मूत्राशय-विकार व रुग्णसापेक्ष उपचार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मूत्राशयाच्या कार्यातील बिघाडावर रुग्णागणिक उपचार ठरविण्याची दृष्टी कशी विकसित झाली, याचा प्रस्तुत लेखात आढावा घेतला आहे.

पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेले बहुसंख्य सैनिक मूत्रसंसर्ग व शय्याव्रणांमुळे दगावले. १९२७ मध्ये डी. के. रोज यांनी मूत्राशयातील दाब मोजण्याचे उपकरण मांडले. त्यामुळे समान लक्षणांमागील भिन्न कारणे ओळखणे सुकर झाले. १९४४ पासून इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गटमन यांनी अशा रुग्णांसाठी स्वतंत्र केंद्र चालविले आणि ठराविक वेळाने निर्जंतुक नळीने मूत्र काढण्याची पद्धत रूढ केली. १९७२ मध्ये अमेरिकेतील जॅक लॅपिडिस यांनी निर्जंतुकतेपेक्षा मूत्राशय वेळच्या वेळी रिकामे होण्यास महत्त्व दिले आणि केवळ स्वच्छ नळी रुग्णाच्याच हाती सोपविली.

सारांश, मोजमापाने निदान रुग्णसापेक्ष झाले. तर स्वच्छ नळीने रुग्णास स्वावलंबन दिले.