बॉसा नॉव्हा : तो की ती?

पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत 1975 नंतर पाणलोटाची कामं सुरू झाली. नालाबांध, पाझर तलाव, श्रमदान. अशा कामावर कुदळ, फावडं आणि घमेलं हे शब्द दिवसभर तोंडात असतात. कुदळ ही संस्कृत ‘कुद्दाला’ची लेक. घमेलं मात्र समुद्रावरून आलेलं आहे. पोर्तुगीजमध्ये ‘गामेला’ म्हणजे लाकूड कोरून केलेलं पसरट भांडं, आणि ब्राझीलमध्ये तो शब्द आजही चालू आहे. म्हणजे पारनेर तालुक्यात माती वाहणाऱ्या या शब्दाचं आणि जगभर गाजलेल्या एका गानप्रकाराच्या नावाचं माहेर एकच. तो गानप्रकार म्हणजे बॉसा नॉव्हा.

हे नाव जगाच्या कानावर पडलं ते मुख्यतः न्यूयॉर्कमधल्या एका ध्वनिमुद्रणामुळे. मार्च 1963 मध्ये अमेरिकी सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ आणि ब्राझीलचा गायक-गिटारवादक जुवांव जिल्बेर्तो एकत्र बसले. (इंग्रजी वळणाने ‘जोआओ’ लिहिण्यापेक्षा ‘जुवांव’ बरं, पावसाळ्यात विहिरीत उड्या मारून ‘सांजांव’ साजरा करणाऱ्या गोव्याला ते नाव परकं नाही.) पियानोवर संगीतकार आंतोनियो कार्लोस जोबिम. ‘इपानेमाची मुलगी’ या गाण्याचं एक कडवं इंग्रजीत हवं होतं. जुवांवची बायको आस्त्रूद तिथे होती, तिला इंग्रजी येत होतं. तेविशीच्या उंबरठ्यावरच्या या बाईच्या नावावर तोवर एकही व्यावसायिक ध्वनिमुद्रण नव्हतं. आवाजाला कंप नाही, जोर नाही, हरकत नाही. शेजारी बसलेल्याशी बोलावं तसं ती गायली.

मूळ ध्वनिमुद्रणात आधी जुवांव पोर्तुगीजमध्ये गातो, मग आस्त्रूद इंग्रजीत, मग गेट्झचा सॅक्सोफोन. पण 1964 मध्ये त्याची छोटी तबकडी निघाली तेव्हा जुवांवचं कडवं कापलं गेलं. गाणं घरोघर पोचलं, 1965 मध्ये ग्रॅमी मिळाले, आणि ब्राझीलच्या या गाण्यातली ब्राझीलची भाषा तेवढी गळाली. मागे उरलं ते गानप्रकाराचं नाव.

त्यातला ‘बॉसा’ मजेदार आहे. मूळ अर्थ टेंगूळ, उंचवटा, उंटाचं वशिंड. फ्रेंच ‘बोस’वरून पोर्तुगीजमध्ये आलेला हा शब्द. एकोणिसाव्या शतकात युरोपात एक समजूत फोफावली होती, की कवटीवरचे उंचवटे चाचपून माणसाचे गुण सांगता येतात. शास्त्र म्हणून ती केव्हाच निकालात निघाली, पण बोलीत आपली खूण ठेवून गेली. अमक्याला ‘बॉसा’ आहे, म्हणजे त्याला उपजत अंग आहे. 1930 च्या दशकात रिओच्या सांबागीतांत हा शब्द या अर्थाने सापडतो. मराठीने हा गुण कवटीत कधी शोधला नाही. आपल्याकडे सरस्वती जिभेवर असते, चव हाताला असते आणि जादू गळ्यात. म्हणून 1950 च्या दशकाच्या अखेरीस रिओच्या तरुणांनी सांबाचा ठेका गिटारच्या बोटांत आणून गाणं कुजबुजीवर नेलं, त्याला मिळालेल्या नावाचं मराठी ‘नवा ढंग’ किंवा ‘नवी हातोटी’ असं होईल.

‘नॉव्हा’ तर घरचाच. लॅटिन ‘नोवुस’ आणि संस्कृत ‘नव’ एकाच कुळातले. शिवाय ही पोर्तुगीज ‘नॉव्हा’ आपल्या सीमेला लागून राहत होती. 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली तिचं नाव ‘नॉव्हा गोवा’. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांच्या ताब्यात गेलेल्या फोंडा, सत्तरी, पेडणे या मुलखाला ‘नॉव्हाश कोंकिश्ताश’ म्हणत. मराठी कागदपत्रांत तेच ‘नव्या काबिजादी’. मंगेशी याच फोंडा महालातलं. त्या गावाचं नाव लावणाऱ्या घराण्यातल्या आशा भोसले यांच्याकडून राहुल देव बर्मन यांनी 1966 च्या ‘पती पत्नी’ चित्रपटासाठी बॉसा नॉव्हाच्या ठेक्यावरचं गाणं गाऊन घेतलं. ठेका आला तो मात्र फोंड्याहून नव्हे. तो रिओहून न्यूयॉर्कला, आणि तिथून तबकड्यांवर बसून मुंबईला आला.

साडेचारशे वर्षं शेजारी राहिलेल्या भाषेकडून मराठीने मग घेतलं काय? वस्तू. पाव, बटाटा, कोबी, बादली, चावी, बिजागरी, पगार, लिलाव. काजू आणि अननस तर ब्राझीलच्या तुपी लोकांच्या भाषेतून पोर्तुगीजांच्या गलबतांवर चढले. (गाण्यातलं इपानेमा हे नावही तुपीच, अर्थ ‘वाईट पाणी’, म्हणजे जिथे मासळी मिळत नाही असं.) व्यवहार नगरपर्यंत पोचला होता: चौल हे निजामशाहीचं बंदर, तिथे पोर्तुगीजांची वखार, आणि गोव्यात राहणारा गार्सिया द ओर्ता हा वैद्य बुऱ्हाण निजामशहाला औषध द्यायला अहमदनगरच्या दरबारात जात असे. घाट चढून आलेल्या या शब्दांपैकी बहुतेक हाताने धरता येतात, तोलता येतात किंवा मोजून घेता येतात.

गोव्यात वेगळं घडलं. कोकणीत गाण्याला ‘कांतार’ म्हणतात; पोर्तुगीज ‘कांतार’ म्हणजे गाणे. ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणे. एकाच घडणीची दोन क्रियापदं. कोकणीने गाणंही ठेवलं, मराठीने फक्त महिन्याचं वेतन. कारण उघड आहे. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. देशावर पोर्तुगीज भेटायचा तो बाजारात किंवा लढाईत. त्या वातावरणात तयार झालेले अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसूझा, चिक चॉकलेट यांच्यासारखे वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात आले. बॉसा नॉव्हाची तबकडी मुंबईत पोचली तेव्हा ती वाजवू शकणारे हात इथे होते ते यामुळे.

आता प्रश्न उरतो मराठीत लिहायचं कसं. ‘बोसा नोवा’ नको. पोर्तुगीजमध्ये दोन्ही ओकार उघडे आहेत आणि त्यासाठी आपल्याकडे ‘ऑ’ आहेच. लिंगाचं काय? पोर्तुगीजमध्ये ही ‘ती’. पण मराठी मूळ लिंगाला बांधील नसते. गामेला तिकडे स्त्रीलिंगी, इकडे ते घमेलं. बाल्द पुल्लिंगी, इकडे ती बादली. बटाटा तिकडची बाई, इकडचा बुवा. हे कुठल्या कोशकाराने ठरवलं नाही. हजारो तोंडांनी रोज वापरता वापरता ते ठरलं. बॉसा नॉव्हाला कुणी ‘तो’ म्हणतं, कुणी ‘ती’, कुणी ‘हा प्रकार’ म्हणून सुटका करून घेतं. मला विचाराल तर ‘ती’ म्हणा. ‘नवी’ हा अर्थ तिच्या नावातच आहे. पण निकाल माझ्या हाती नाही. घमेल्याला नपुंसकलिंग मिळालं ते माती वाहणाऱ्यांकडून. बॉसा नॉव्हाचं लिंग ठरवतील ते ती मराठीत गाणारे आणि तिच्यावर भांडणारे.