जुनीं पत्रें आणि आमचे पूर्वज

धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं मागें वळून पाहण्याची चाल चांगली आहे. देवळाचा पाया केव्हां घातला, घंटा कोणत्या सालीं चढली, कोणकोणत्या धर्मगुरूंनीं येथें सेवा केली, याची हकीकत या स्मरणिकेंत अन्यत्र आलीच आहे. परंतु ज्यांच्यासाठीं हें देऊळ उभें राहिलें त्या आमच्या वाडवडिलांचें काय? बाप्तिस्म्याच्या वहींत त्यांचें नांव सांपडतें, मृत्यूच्या वहींत तिथि सांपडते. त्या दोन ओळींच्या मध्यें जें आयुष्य गेलें तें कोणत्याच वहींत नाहीं. तें शोधावयाचें तर पत्रांकडे वळावें लागतें.

या लेखाची तयारी चालली असतां एक गोष्ट आमच्या कानीं आली व मनास चटका लागला. आमच्याच गांवांतील एका घरीं जुनीं कौलें उतरवून नवें छप्पर घालण्याचें काम निघालें. माळ्यावर पत्र्याची एक पेटी होती. तींत पणजोबांच्या वेळचीं पत्रें होतीं. कांहीं मोडींत असल्यामुळें कोणास वाचतां येईनात. कांहींना वाळवी लागली होती. शेवटीं न्हाणीघरांतील चुलीखालीं पाणी तापविण्यास तीं कामीं आलीं. त्या घरच्या मंडळींस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. आमच्यापैकीं कित्येकांच्या घरीं हेंच घडलें आहे. परंतु त्या चुलींत काय गेलें, हें कळावें म्हणून एक जुनें उदाहरण वाचकांपुढें ठेवितों.

ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांचें नांव मराठी ख्रिस्ती माणसास ठाऊक नाहीं असें नाहीं. हे मूळचे इंग्लंडांतील विल्टशायर परगण्याचे. १५७९ सालीं एप्रिल महिन्याच्या ४ तारखेस ते लिस्बनहून गलबतांत बसले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास पोंचले. वाटेंत दीडशेंहून अधिक लोक आजारी पडले व सत्तावीस मरण पावले; आणि इतर वर्षांच्या मानानें ही हानि थोडीच, असें त्या काळीं मानलें गेलें! उतरल्यावर सतराव्या दिवशीं, १० नोव्हेंबर रोजीं, फादर स्टीफन्स यांनीं आपल्या वडिलांस पत्र लिहिलें. तें पुढें १५८९ सालीं हॅक्लुट नांवाच्या इंग्रज ग्रंथकारानें आपल्या प्रवासवृत्तांच्या संग्रहांत छापिलें, म्हणून तें आज आपणांस वाचावयास मिळतें.

या पत्राचा पुष्कळसा भाग समुद्राच्या वर्णनांत गेला आहे. गोव्याविषयीं लिहितांना नवख्या माणसाची दृष्टि स्पष्ट दिसते. द्राक्षवेल सोडली तर युरोपांत पाहिलेलें एकही झाड येथें दिसलें नाहीं, आणि तीहि येथें निरुपयोगी, असें ते कळवितात. येथील लोक चांगलें पाणी पितात, नाहींतर माडाची ताडी, हेंहि त्यांनीं टिपलें आहे. गोरगरीब कमरेस दोरा व पुढें वीतभर वस्त्र एवढ्यावरच राहतात, हें पाहून त्यांस आश्चर्य वाटलें. सतरा दिवसांत याहून अधिक काय दिसणार? मनुष्य दाराशीं उभा होता. अजून घरांत आला नव्हता.

बरोबर चार वर्षांनीं, १५८३ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २४ तारखेस, त्यांनीं आपला भाऊ रिचर्ड यास लॅटिन भाषेंत दुसरें पत्र लिहिलें. आतां तोच मनुष्य घराच्या ओटीवर बसलेला दिसतो. या पत्रांत माडाचें जें वर्णन आहे तें वाचून किनारपट्टीच्या कोणत्याहि वाडीवाल्यानें मान डोलवावी. माडापासून तेल, ताडी, गूळ, साखर व शिरका मिळतो; काथ्याचे दोर वळतात; झावळ्यांनीं झोंपड्या शाकारून पाऊस अडवितात. बारा महिने फळ येतें. एका नारळाच्या पाण्यानें तहान अशी भागते कीं दुसऱ्याची इच्छा राहत नाहीं. करवंटीचा कोळसा लोहारास उपयोगी पडतो. दर्यावर्दी लोक याच झाडानें होड्या भरतात आणि याच झाडापासून दोर व शिडेंहि करितात. पुढें ते असेंहि म्हणतात कीं, या झाडाच्या पानांवांचून दुसऱ्या कशावर लिहिलेलें येथें क्वचितच दृष्टीस पडतें.

वाचकहो, या माहितींत राजे नाहींत, लढाया नाहींत. परंतु लोहाराच्या भात्यापाशीं पडलेला करवंटीचा कोळसा आहे. आमचे पूर्वज हें सर्व जाणीत होते, म्हणूनच त्यांनीं तें लिहून ठेविलें नाहीं. रोजची गोष्ट कोण लिहितो? ती परक्या माणसानें दूरच्या भावासाठीं लिहिली, आणि म्हणून आमच्या हातीं आली.

याच पत्रांत येथील भाषांविषयीं कांहीं वाक्यें आहेत, तीं आज जगभरचे भाषापंडित मोलाचीं मानितात. या देशाच्या भाषा उच्चारास गोड असून त्यांची रचना ग्रीक व लॅटिन यांसारखी आहे, असें त्यांनीं नमूद केलें. युरोपांतील व हिंदुस्थानांतील भाषांचें नातें सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास मांडलें. त्याच्या दोनशें वर्षें आधीं हें साम्य एका पत्रांत उतरलें होतें. आणखी त्यांनीं असें लिहिलें कीं, येथील अक्षर हें संपूर्ण उच्चाराचें असतें, आणि व्यंजनास स्वर अथवा दुसरें व्यंजन जसें मिळेल तसें तें रूप बदलतें.

ही तर आपली बाराखडी आणि जोडाक्षरें! मग प्रश्न असा येतो कीं, त्यांस ही बाराखडी शिकविली कोणी? कोणीतरी त्यांच्याजवळ बसून क, का, कि, की असें म्हणून घेतलें असेल. चूक झाली तेव्हां हंसून पुन्हां म्हणावयास लाविलें असेल. तो एखादा पंतोजी असेल, किंवा गांवांतील एखादें पोर असेल. त्या शिक्षकाचें नांव पत्रांत नाहीं. पण त्याच्या शिकवणींतून पुढें ख्रिस्तपुराण निर्माण झालें आणि १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठीचें भूषण ठरला. शिकविणाऱ्याचीं पानें माडाचीं होतीं, तीं कुजून गेलीं. शिकणाऱ्याचा कागद टिकला.

जुनीं पत्रें वाचतांना एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाती यांनीं १५४२ सालीं फादर पीटर फाबर यांस लिहून कळविलें होतें कीं, मुख्य पत्रांत दुसऱ्यांस दाखवितां येईल असा बोधपर मजकूर नीट विचार करून लिहावा, आणि इतर गोष्टी वेगळ्या कागदावर घालाव्या. गलबतें बुडत, म्हणून महत्त्वाच्या पत्रांच्या दोन-तीन नकला निरनिराळ्या गलबतांतून पाठवीत. युरोपांत तीं पत्रें मोठ्यानें वाचलीं जात, छापलीं जात. संत फ्रान्सिस झेवियर यांचें जानेवारी १५४४ मधील कोचीनचें पत्र पुढल्याच वर्षीं पॅरिसला छापून निघालें. अशा पत्रांचे लेखक खोटें लिहीत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तीं सर्वांनीं वाचावीं म्हणून लिहिलेलीं होतीं, हें विसरूं नये.

याची खरी कसोटी कुंकळ्ळीच्या प्रकरणांत लागते. १५८३ च्या जुलै महिन्यांत, म्हणजे फादर स्टीफन्स यांच्या दुसऱ्या पत्राच्या सुमारें तीन महिने आधीं, गोव्याच्या साष्टी प्रांतांतील कुंकळ्ळी गांवीं फादर रुडॉल्फ आक्वाव्हिवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. त्यांच्याबरोबर कांहीं स्थानिक ख्रिस्ती जनांचेहि प्राण गेले. १८९३ सालीं पोप तेरावे लिओ यांनीं त्या पांचांस धन्य म्हणून घोषित केलें. त्यांचें धैर्य आम्हांस वंद्य आहे. परंतु त्याच साष्टींत १५६७ सालापासून देवळें पाडलीं गेलीं होतीं, आणि या घटनेनंतर कुंकळ्ळीच्या प्रमुख गांवकऱ्यांस असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून ठार मारण्यांत आलें, हेंहि खरें आहे. पत्रें लिहिणारे एका बाजूचे होते; गांवकऱ्यांनीं युरोपास पत्रें धाडलीं नाहींत. आज जे त्या मातीशीं आपलें नातें सांगतात, त्यांचे पूर्वज त्या दिवशीं दोन्ही बाजूंस होते. दोघांसाठींहि प्रार्थना करणें हें आमचें कर्तव्य आहे, आणि त्यांपैकीं एकास विसरून दुसऱ्याचा इतिहास लिहूं नये.

म्हणूनच घरगुती पत्रांचें मोल अधिक. तीं युरोपांत वाचून दाखविण्यासाठीं लिहिलेलीं नसतात. १ जुलै १८७९ पासून हिंदुस्थानांत पाव आण्याचें पोस्टकार्ड सुरू झालें, आणि पुढल्या वर्षापासून मनिऑर्डरीचें काम टपालखात्याकडे आलें. तेव्हांपासून मुंबईस चाकरी करणारा मुलगा आणि गांवीं राहिलेली आई यांच्यामध्यें एका पैशांत बोलणें होऊं लागलें. ज्या आईस लिहितां येत नसे ती शाळामास्तरांकडून लिहवून घेई, आणि आलेलें पत्र ओटीवर मोठ्यानें वाचलें जाई. पाऊस कधीं लागला, लावणी झाली कीं नाहीं, गाय व्याली, रुपये पोंचले, सणास येणें होईल काय, असा तो मजकूर. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. पुष्कळ लोक गांवीं पळाले, आणि मुंबई व साष्टीच्या ख्रिस्ती वस्त्यांत रक्षणासाठीं क्रूस उभारले गेले. त्या क्रूसांच्या दगडावर साल कोरलेलें आहे. पण कोणाचा मुलगा परतला आणि कोणाचा राहिला, हें दगड सांगत नाहीं. तें पोस्टकार्ड सांगतें.

इतिहासाचार्य राजवाडे गांवोगांव फिरून, लोकांच्या माळ्यांवरून व पेट्यांतून जुने कागद मिळवून, मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें छापीत असत. आपल्या धर्मग्रामास तेवढी पायपीट करण्याचें कारण नाहीं. पेट्या आपल्याच घरीं आहेत. आमची विनंति एवढीच कीं, घर दुरुस्तीस काढण्यापूर्वीं माळा पाहावा. पत्र कोणाचें, कोणास, हें वडील मंडळींस विचारून वेगळ्या कागदावर लिहून ठेवावें. पत्रावरच शाई लावूं नये, चिकटपट्टी तर मुळींच लावूं नये. मोडी आली नाहीं म्हणून कागद निरुपयोगी समजूं नये. मोडी वाचणारे लोक आजहि आहेत. मूळ पत्र देण्यास मन होत नसेल तर मोबाइलवर छायाचित्र काढून द्यावें.

ज्यांच्यापाशीं असे कागद असतील त्यांनीं रविवारच्या मिस्सेनंतर ते धर्मगुरूंस दाखवावे. त्यांची एक नक्कल धर्मग्रामाच्या कपाटांत, बाप्तिस्म्याच्या वह्यांच्या शेजारीं, ठेवण्याचा आमचा विचार आहे. पुढचा महोत्सव जे साजरा करतील त्यांस आमचीं नांवें वहींत मिळतीलच. आमचें बोलणेंहि मिळावें, आणि आमच्या आधींच्यांचेंहि, अशी आमची इच्छा आहे. परमेश्वर त्या सर्वांस चिरविश्रांति देवो.