कावेरीकाठचा अभंग

व्यंकोजीराजांनी १६७५च्या सुमारास तंजावर हस्तगत केले आणि कावेरीच्या सुपीक खोऱ्यात भोसल्यांचे राज्य उभे राहिले. १८५५ साली इंग्रजांनी ते खालसा केले. राजाश्रय संपला आणि दरबाराचे मोडी कागद सरस्वती महाल ग्रंथालयात विसावले. मराठी गाणे मात्र विसावले नाही. तंजावरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवरील कुंभकोणमच्या परिसरात ते आजही गाइले जाते; आणि गाणाऱ्यांपैकी बहुतेकांची मातृभाषा तमिळ आहे.

या गाण्याची भूमी तीन सत्पुरुषांनी तयार केली. गोविंदपुरमचे बोधेंद्र सरस्वती, तिरुविशनल्लूरचे श्रीधर अय्यावाळ आणि मरुदानल्लूरचे सद्गुरुस्वामी हे ते तिघे होत. ही तिन्ही गावे कुंभकोणमच्या आसपासच आहेत. त्यांपैकी तिरुविशनल्लूर हे व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी १६९३ साली विद्वानांना अग्रहार म्हणून दिले होते. पहिल्या दोघांनी नामस्मरणाचा महिमा सांगितला. सरफोजीराजांच्या काळात सद्गुरुस्वामींनी सामुदायिक भजनाला निश्चित क्रम लावून दिला.

या भजनपद्धतीचे औदार्य लक्षात घेण्याजोगे आहे. जयदेवाची अष्टपदी संस्कृत, भद्राचल रामदासांची पदे तेलुगू, पुरंदरदासांची कानडी. त्यांच्या पंक्तीला नामदेव-तुकारामांचे अभंग बसतात. दिव्यनामाच्या वेळी मध्ये दीप ठेवून भक्त त्याभोवती फेर धरतात. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चारही वर्णांना एकच अक्षर आहे. त्यामुळे अभंगाचा शुद्ध उच्चार केवळ पोथीवरून साधत नाही. तो जाणत्याच्या मुखातून ऐकूनच घ्यावा लागतो. अभंगाची परंपरा तेथे या अर्थाने खरोखर मौखिक आहे.

कीर्तनाची कथाही अशीच. महाराष्ट्रातून आलेल्या रामचंद्रबुवा मोरगावकरांसारख्या कीर्तनकारांचा आदर्श पुढे ठेवून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी ही मराठी वृत्ते कर्नाटक रागांच्या सोबतीने त्या कथेत नांदू लागली.

हे कसे घडले? तंजावरच्या राजांनी मराठीचा आग्रह धरून तेलुगूला दूर लोटले नाही. शहाजीराजांनी स्वतः तेलुगूत ‘पल्लकी सेवा प्रबंधम’ रचले. जेथे राजाच प्रजेच्या आवडीच्या भाषेत गातो, तेथे प्रजेलाही राजाच्या भाषेतील गाणे परके वाटत नाही. हुकमाने रुजवलेले हुकूम संपताच सुकते. प्रेमाने स्वीकारलेले टिकते.

२०११ साली गोविंदपुरम येथे विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिर प्रतिष्ठित झाले. तेव्हा मराठी सत्ता जाऊन दीडशेहून अधिक वर्षे लोटली होती. मराठी भाषेचे सामर्थ्य किती मुलखावर तिचा अंमल चालला यावरून मोजण्याची सवय आपल्याला आहे. कावेरीकाठचे भजन त्याहून वेगळे माप पुढे ठेवते : आपली भाषा न बोलणाऱ्या किती कंठांनी तिचे गाणे आपले मानले?